बडोद्याचा कान

बडोदे संस्थानाचा इतिहास आपण शिकतो आणि शिकवतो तो बहुधा डोळ्यांचा इतिहास असतो. लक्ष्मीविलास राजवाडा, राजा रविवर्म्याची चित्रे, १९०६ साली संस्थानभर लागू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९१० नंतर गावोगाव उघडलेली वाचनालये. हे सारे पाहण्याचे आणि वाचण्याचे वैभव. या शहराने ऐकले काय, कसे ऐकले आणि त्यासाठी किती मोजले, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. इतिहासाचा एक शिक्षक म्हणून या लेखात तो थोडाफार मांडण्याचा विचार आहे. निमित्त अगदी आजचे आणि वरकरणी क्षुल्लक आहे: हेडफोन.

माझ्या थोरल्या बहिणीचे घर बडोद्यात, दांडिया बाजारात आहे. घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि गाण्याच्या बाबतीत दोन्हीही नाही, फक्त सूर, असे ते कुटुंब. भाऊजी निवृत्त अभियंते. गेल्या दिवाळीत त्यांनी माझ्यापुढे दोन हेडफोन ठेवले. एक नेहमीचा, ज्याला डायनॅमिक म्हणतात. किंमत सात हजारांच्या आत. दुसरा इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिरविद्युतेवर चालणारा. सोबतच्या खास पेटीसह त्याची किंमत लाखावर गेलेली. भाऊजी म्हणाले, "हेडमास्तर, तुम्ही इतिहासवाले. पंधरा पट पैसे मोजून पंधरा पट ऐकू येते का, ते सांगा पाहू."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर त्या दोन यंत्रांत पुरते सापडत नाही. ते शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

दरबारातून गायनशाळेत

एकेकाळी उत्तम गाणे ऐकण्याची किंमत एकच होती: दरबारात बसण्याची जागा. गायकवाडांच्या पदरी नामांकित गवई आणि बीनकार असत. ते गात ते सरकारसाठी, सरदारांसाठी आणि पाहुण्यांसाठी. बाहेरच्या माणसाच्या कानावर देवळातले कीर्तन, सणावारी वाजणारा चौघडा आणि लग्नातली सनई एवढेच पडे.

सयाजीराव महाराजांनी ही चौकट मोडली. १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्ष हे उत्तर हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे जाणकार. त्यांनी स्वरलेखनाची एक पद्धत तयार केली आणि गाणे पाटीवर मांडून वर्गात शिकवता येते, हे दाखवून दिले. गुरूच्या घरी पाणी भरून बारा वर्षांत मिळायचे ते अशा वर्गात मिळते का, यावर तेव्हाही वाद झाले आणि आजही होतात. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. गाण्याचा कान हा दरबारी मानकऱ्यांचा वारसा न राहता शाळेत शिकवण्याचा विषय झाला. हीच संस्था वाढत वाढत पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत-नृत्य-नाट्य विभागात सामावली.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना बडोद्याशी असलेला आणखी एक धागा सांगायला हवा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोदे दरबारात होते. तेथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्या शिष्या झाल्या आणि पुढे सहचारिणीही. दोघांनी बडोदे सोडले. कालांतराने खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेला स्थिरावले. त्यांची कबरही तेथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुले. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल हुबळीच्या. म्हणजे आपण ज्याला धारवाड-मिरजेचे गाणे म्हणून अभिमानाने मिरवतो, त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम बडोद्याला होता आणि त्याची एक आठवण हिराबाईंच्या आडनावात राहिली.

१९१६ ची परीक्षा

मार्च १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. यजमान सयाजीराव महाराज, आणि मुख्य सूत्रधार पंडित विष्णु नारायण भातखंडे. या परिषदेत अनेक विषय निघाले. त्यांतला श्रुतींचा वाद आपल्या हेडफोनच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा आहे.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले होते. या कामात अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य त्यांना लाभले. न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी त्याच विचारावर श्रुती-हार्मोनियम करवून घेतली. साध्या पेटीत सप्तकाला बारा पट्ट्या. या पेटीत श्रुतींसाठी जास्तीचे सूर. गवयाच्या गळ्यातून निघणारे सूक्ष्म स्वर यंत्रात पकडता येतात, असा त्यांचा दावा. बडोद्यात या पेटीचे प्रात्यक्षिक झाले. समोर होते मुरलेले गवई, धृपदिये आणि शास्त्रज्ञ पंडित. यंत्र खरे की कान खरा, असा तो सरळ सामना होता. भातखंडे श्रुतींचे असे काटेकोर गणित मानणारे नव्हते. पेटी पुढे प्रचारात आली नाही. गवयांनी गळ्यावर आणि तंबोऱ्यावर विश्वास ठेवला.

हे अंतर किती सूक्ष्म असते, ते आकड्यांत पाहू. षड्जाची कंपने २४० धरली तर एक धैवत ४०० वर येतो आणि त्याहून किंचित चढा दुसरा ४०५ वर. फरक पाच कंपनांचा, म्हणजे सव्वा टक्का. साध्या पेटीतल्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर सुमारे सहा टक्के असते; त्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे हे अंतर झाले. त्यावर परिषदेत खल व्हावा, यातच त्या काळच्या कानाची तयारी दिसते. हा सव्वा टक्का वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

गाण्याची तबकडी तोपर्यंत आलेली होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले आणि पाठोपाठ कंपन्यांची माणसे गावोगावचे गवई शोधू लागली. अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ, जे पुढे सूफी विचार घेऊन युरोप-अमेरिकेत गेले, त्यांनी १९०९ साली कलकत्त्यात एकतीस गाणी मुद्रित केली. बडोद्याच्या गायनशाळेच्या पहिल्या पिढीचा आवाज आज ऐकायला मिळतो तो या तबकड्यांमुळे.

त्या वेळी विजेचा संबंध नव्हता. गवयाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायचे. आवाजाच्या जोरावर कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलायचा आणि सुई मेणावर खाच कोरायची. सुमारे दोनशेपासून दोन-अडीच हजार कंपनांपर्यंतचेच स्वर नीट उमटत. त्याखालचा खर्ज आणि त्यावरची झळाळी दोन्ही गळून पडे. तंबोरा तर जवळजवळ नाहीसाच होई. १९२५ साली मायक्रोफोनने मुद्रण सुरू झाले आणि ही मर्यादा पाच हजारांच्या आसपास गेली. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या आणि १९३४ ते १९३७ च्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकाव्यात. गवई तोच, पण पहिल्या तबकडीत तो भिंतीपलीकडून गातो आहे असे वाटते आणि दुसरीत त्याचा श्वासही ऐकू येतो. मध्ये तीस वर्षांचे वय आणि साधना आहे हे खरे, तरी यंत्रातला फरकही लपत नाही.

बडोद्याचा सर्वांत मोठा आवाज म्हणजे उस्ताद फैयाज खाँ. आग्रा घराण्याचे बादशहा, दरबारी गायक. ५ नोव्हेंबर १९५० रोजी ते बडोद्यातच वारले. त्यांचा भरदार, खर्जात रमणारा आवाज आणि नोमतोमची ऐसपैस आलापी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कशी मावणार? त्यांच्या ललत आणि नटबिहागाच्या तबकड्या म्हणजे हत्तीला पालखीत बसवण्याचा प्रकार. तरीही हत्ती हत्तीच राहिला. त्यांचे लांबलचक गाणे थोडेफार वाचले ते आकाशवाणीच्या संग्रहामुळे. बडोदे संस्थानाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. १९४८ मध्ये ते आकाशवाणीकडे आले. दरबारातला गवई असा आधी तबकडीतून आणि मग रेडिओतून रावपुऱ्यातल्या दिवाणखान्यात पोहोचला.

कानावर बसलेले यंत्र

हेडफोन हा काही नवा प्रकार नाही. तो लाऊडस्पीकरच्याही आधीचा. १९१० साली अमेरिकेत नॅथानिएल बाल्डविनने हेडफोनची जोडी केली आणि तिचे मोठे गिऱ्हाईक ठरले ते अमेरिकन आरमार. १९२७ साली मुंबईत रीतसर नभोवाणी सुरू झाली तेव्हा स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट, आणि तो ऐकायचा तर कानाला हेडफोन लावावाच लागे. व्हॉल्व्हचे रेडिओ आले, आवाज खोलीभर झाला आणि घर एकत्र ऐकू लागले. १९७९ साली वॉकमन आला आणि माणूस पुन्हा एकटा ऐकू लागला.

दरम्यान यंत्राच्या दोन जाती ठरून गेल्या होत्या. डायनॅमिक जातीत तारेचे वेटोळे एका पातळ पडद्याला चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत बसते. तारेतून गाण्याची वीज खेळली की वेटोळे मागे-पुढे होते आणि पडद्याला ढकलते. जर्मनीत १९३७ साली बायरचा डीटी ४८ याच तत्त्वावर निघाला. अमेरिकेत कॉसने १९५८ साली घरी स्टिरिओ ऐकण्याचा हेडफोन आणला, आणि १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ हा हलका, उघड्या पाठीचा हेडफोन काढला. तो अमाप खपला. ही जात दणकट, स्वस्त आणि कोणत्याही रेडिओला लागणारी. तिचा दोष एवढाच, की वेटोळे पडद्याला एका वर्तुळापाशी ढकलते. उरलेला पडदा मागून येतो आणि काही स्वरांना स्वतःच्या मर्जीने थरथरतो. शिवाय वेटोळ्याचे वजन त्याला वाहावे लागते.

इलेक्ट्रोस्टॅटिक जातीत वेटोळे नाही, चुंबक नाही. एक-दोन मायक्रॉन जाडीचा पापुद्रा, म्हणजे आपल्या केसाच्या तीस-चाळीसाव्या हिश्शाएवढा, दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये ताणलेला असतो. त्यावर शेकडो व्होल्टचा स्थिर विद्युतभार असतो. पत्र्यांवर गाण्याची वीज आली की एक पत्रा पापुद्र्याला ओढतो आणि दुसरा ढकलतो. सगळा पापुद्रा एकसंध हलतो, आणि वजन नसल्यामुळे तत्काळ हलतो व तत्काळ थांबतो. जपानच्या स्टॅक्सने १९६० साली असा पहिला हेडफोन बाजारात आणला. १९९१ साली सेनहायझरने ऑर्फियस नावाचा असाच हेडफोन केला. तो सुमारे तीनशेच बनला आणि त्याची किंमत मोटारीच्या घरात होती. या जातीला खास पेटी लागते, धूळ आणि दमट हवा सोसत नाही आणि दुरुस्ती सहज होत नाही.

एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. स्थिरविद्युतेचे हेच तत्त्व उलटे वापरून ई. सी. वेन्ट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला तो १९१६ साली, म्हणजे बडोद्यात श्रुतींची परीक्षा चालली होती त्याच वर्षी. गाणे टिपणारा सर्वांत नाजूक कान आणि गाणे ऐकवणारे सर्वांत नाजूक यंत्र ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

दांडिया बाजारातली परीक्षा

आता भाऊजींच्या प्रश्नाकडे वळू. परीक्षा घ्यायची तर ती नियमाने, हा आमचा पेशा. पहिला नियम असा की दोन्हींचा आवाज सारखा मोठा ठेवायचा. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो आणि दुकानदार याचाच फायदा घेतो. दुसरा नियम, डोळे मिटून बसायचे आणि भाच्याने हवा तो हेडफोन डोक्यावर चढवायचा. संध्याकाळभर आम्ही दोघे आळीपाळीने बसलो. शेजारचे गुजराती काका पंच म्हणून हजर होते.

पहिल्यांदा मिरजेच्या तंबोऱ्याचे अलीकडचे, स्वच्छ मुद्रण लावले. येथे इलेक्ट्रोस्टॅटिकची सरशी स्पष्ट होती. जवारीतून उठणारे सूर एकात एक मिसळलेले न वाटता धाग्याधाग्याने सुटे ऐकू आले. तार छेडल्याचा क्षण आणि तिची आस, यांतली सीमा नेमकी कळली. डायनॅमिकवर तोच तंबोरा भरीव होता, गोड होता, पण थोडा एकजीव. खालच्या सुरांचा धक्का मात्र डायनॅमिकवर अधिक सुखावह वाटला, आणि तबल्याच्या डग्यासाठी काकांनी त्यालाच कौल दिला.

मग फैयाज खाँ लावले. गंमत येथे झाली. महागड्या हेडफोनवर खाँसाहेबांच्या आधी तबकडीची खरखर पुढे आली. खर्जाचा घुमारा दोन्हींवर जवळपास सारखा. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या तबकडीला तर कोणता हेडफोन डोक्यावर आहे, हे वजनावरूनच ओळखावे लागले. कारण उघड आहे. ज्या सूक्ष्म कंपनांसाठी ते लाखाचे यंत्र केले, ती त्या तबकडीत कोरलीच गेलेली नाहीत. विहिरीत नसलेले पाणी मोठ्या पोहऱ्याने येत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सुरांची. १९१६ मध्ये ज्या सव्वा टक्क्यावर वाद झाला, तो फरक सात हजारांच्या हेडफोनवर लाखाच्या हेडफोनइतकाच शाबूत असतो. रस्त्यावर मिळणाऱ्या शंभर रुपयांच्या जोडीवरही असतो. कोणताही हेडफोन ४०५ कंपनांचे ४०० करीत नाही. यंत्र बदलते ते स्वराचे पोत. स्वराची जागा बदलत नाही. श्रुती ऐकू न येण्याचे कारण हेडफोन नसून आपला कान असतो.

मात्र तबकडीवरून नक्कल करताना ही जागा खरोखर हलू शकते. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक जुन्या तबकड्या प्रत्यक्षात थोड्या कमी-अधिक वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. ७६ फेऱ्यांची तबकडी ७८ ने फिरवली की गवयाची पट्टी जवळजवळ पाव स्वर चढते आणि भरदार गळा पातळ होतो. तबकडीचे भोक मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेले असले, तर शंभर मिलिमीटर त्रिज्येवर प्रत्येक फेरीत सूर एक टक्का वर आणि एक टक्का खाली हेलकावतो. म्हणजे दोन टक्क्यांचा झोका. त्यात आपली सव्वा टक्क्याची श्रुती कधीच बुडून गेली. या हेलकाव्यावर ऑर्फियसही इलाज करू शकत नाही. तो इलाज नक्कल करणाऱ्याने भोक मध्यावर आणून आणि वेग तपासून करायचा असतो, आणि त्याला लाखाचा खर्च नाही.

किंमत आणि मोल

भाऊजींना मी जे उत्तर दिले ते येथे लिहितो. नवे, उत्तम मुद्रित गाणे रोज तास-दोन तास ऐकणाऱ्याला, पैशाची ददात नसेल आणि यंत्र जपण्याची शिस्त असेल, तर इलेक्ट्रोस्टॅटिकने मिळणारा आनंद खरा आहे; तो कल्पनेचा खेळ नाही. पण तो पंधरा पट नाही. माझ्या कानाच्या हिशेबाने परीक्षेत ऐंशी गुण मिळवणाऱ्या मुलाला नव्वदवर नेण्यासाठी लावलेली ती शिकवणी आहे. शेवटचे दहा गुण नेहमीच महाग असतात. आणि ज्याला फैयाज खाँ, अब्दुल करीम खाँ, हिराबाई ऐकायच्या आहेत, त्याने चांगला डायनॅमिक घ्यावा आणि उरलेला पैसा व वेळ तबकड्यांवर खर्च करावा.

कारण खरी तूट तेथेच आहे. बडोद्यातल्या मराठी घरांत, आणि आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या घरांतही, माळ्यावर तबकड्यांच्या पेट्या अजून आहेत. एकाच पेटीत मराठी नाट्यपद, कानडी भक्तिगीत, गुजराती गरबा आणि बाजूला एखादा ख्याल. आपली घरे दोन भाषांची होती, याचा यापेक्षा चांगला दस्तऐवज मला ठाऊक नाही. घर बदलताना किंवा वाटण्या होताना ह्या पेट्या भंगारात जातात; लाखेच्या तबकडीला भंगारवालाही काही देत नाही. लेबलावर कोणाचे नाव होते, हे मग कोणाला सांगता येत नाही.

म्हणून वाचकांना चार गोष्टी सुचवतो. तबकड्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. खालची वजनाने तडकते. त्या स्पिरिटने पुसू नयेत, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जुन्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने हौसेखातर वारंवार वाजवू नयेत. प्रत्येक वेळी थोडे गाणे खरवडून निघते. आणि लेबलावरचे नाव, राग, क्रमांक एका वहीत उतरवून, जाणकाराकडून योग्य वेगाने नक्कल करून घ्यावी.

गायनशाळेने १८८६ साली दरबाराचे दार उघडले ते सर्वांना ऐकता यावे म्हणून. आज दार सताड उघडे आहे. मोबाइलवर फैयाज खाँ फुकट मिळतात. त्या रात्री परीक्षा संपल्यावर भाच्याने दोन्ही हेडफोन बाजूला काढून ठेवले आणि ललत साध्या स्पीकरवर लावला. काका, भाऊजी, बहीण, सगळेच ऐकत बसले. मध्येच एका जागी भाच्याने मान वर करून विचारले, "मामा, हा धैवत आत्ताच्या पेटीत नाही ना?" त्याने घरच्या पेटीवर तो शोधून पाहिला. दोन पट्ट्यांमध्ये कुठेतरी होता.